बचत गट, गजाली आणि मनाचे दुखणे

कुडाळ तालुक्यातील पिंगुळी हे गाव महाराष्ट्राला परिचित आहे ते ठाकर समाजाच्या चित्रकथीमुळे आणि कळसूत्री बाहुल्यांमुळे. रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे एकामागून एक समोर धरून कथा उभी करणाऱ्या या कलेची दखल शासनाने उशिरा का होईना घेतली आणि २०२१ साली परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली. जिथे दुःखाची कथा सामुदायिकरीत्या ऐकण्याची परंपरा आहे, तिथे मनाच्या आरोग्यासाठी निराळी व्यवस्था कशाला, असे म्हणण्याचा मोह कित्येकांना होतो. तो आवरला पाहिजे. कथेकरी सीतेचे दुःख सांगतो आणि गाव ते ऐकते; ऐकणाऱ्या बाईला स्वतःचे दुःख सांगण्याची सोय त्यात नसते. कोकणात गजालींना तोटा नाही हे खरे, परंतु गजालीत माणूस दुसऱ्याविषयी बोलतो.

अमेरिकेत क्लेरमन आणि वाइसमन यांनी १९७० च्या दशकात परस्परसंबंधांवर आधारलेली एक उपचारपद्धती विकसित केली. नैराश्याचा धागा ती प्रामुख्याने चार ठिकाणी शोधते: प्रियजनाचा मृत्यू, जवळच्या माणसाशी तंटा, आयुष्यातील भूमिकेत झालेला बदल आणि एकटेपणा. पद्धत परदेशी असली तरी ही चार ठिकाणे कोकणाला अपरिचित नाहीत. सामाईक सातबाऱ्यावरून पिढ्यान् पिढ्या चालणारी भावकीची भांडणे हा तंटाच आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत सुरू झालेल्या गिरणी संपानंतर हजारो कामगार गावी परतले. कालपर्यंत मनिऑर्डर पाठवणारा कर्ता पुरुष एका वर्षात घरातील खाणारे तोंड ठरला. नोकरीचे नुकसान रुपयांत मोजता येते. घरातील स्थान गेल्याची नोंद कोणत्याही हिशेबात झाली नाही. आणि मुले मुंबईला गेल्यावर मागे उरलेल्या वृद्धांचा एकटेपणा तर चतुर्थीपुरताच संपतो.

दुखणे नात्यांत असेल तर उपचारही माणसांमध्येच व्हावा, हे ओघाने येते. या विचाराची सर्वांत मोलाची परीक्षा युगांडात झाली. एड्सने होरपळलेल्या तेथील ग्रामीण भागात ३० खेड्यांमध्ये हा प्रयोग करण्यात आला व त्याचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. पुरुषांचे आणि स्त्रियांचे गट वेगवेगळे होते. आठवड्यातून एकदा दीड तास, असे १६ आठवडे ते भरत. गट चालवणारी माणसे त्याच प्रदेशातली, दोन आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेली; त्यांत डॉक्टर कोणी नव्हता. अखेरीस गटात आलेल्यांपैकी ६.५ टक्के लोकांमध्ये तीव्र नैराश्याची लक्षणे उरली होती, तर गट नसलेल्या खेड्यांत हेच प्रमाण ५४.७ टक्के होते. औषधाची एक गोळीही न देता हे घडले. पुढे २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने या गटपद्धतीची मार्गदर्शिकाच काढली.

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. शेजारच्या गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने स्थानिक पदवीधर स्त्रियांना दोन महिन्यांचे प्रशिक्षण देऊन दवाखान्यांत समुपदेशक म्हणून नेमले. हे समुपदेशन व्यक्तिगत होते, गटाचे नव्हते; पण गंभीर रुग्णांसाठी पद्धत तीच, परस्परसंबंधांची. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, सरकारी आरोग्य केंद्रांत समुपदेशक असताना सहा महिन्यांत ६५.९ टक्के रुग्ण बरे झाले, नसताना ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही, कारण तिथे समुपदेशकाविनाही बरे होण्याचे प्रमाण सरकारी केंद्रांतील समुपदेशकाइतकेच होते. खासगी डॉक्टर रुग्णाची मुळातच अधिक विचारपूस करत असावा, हा तर्क पटण्यासारखा आहे. तसे असेल तर गरिबाला सरकारी दवाखान्यात औषध मिळते, पण त्याच्याशी बोलणारे माणूस मिळत नाही, असाच याचा अर्थ होतो.

असे गट गावोगावी कसे उभारावेत, असे विचारले की सरकारी बैठकांत एक उत्तर हमखास येते: महिला बचत गट तयारच आहेत! ‘उमेद’ अभियानाने त्यांचे जाळे विणले आहे, त्यांच्यावरच हेही सोपवावे. दिसायला काटकसरीची वाटणारी ही सूचना मुळात चुकीची आहे. बचत गटाचे नाते कर्जाचे आहे. एकीचा हप्ता थकला की सगळ्यांची पत धोक्यात येते. ‘मला झोप लागत नाही, कामात मन लागत नाही’ असे जी बाई तिथे बोलेल, ती पुढच्या कर्जाच्या वेळी शंकास्पद ठरेल. म्हणून ती बोलणार नाही. शिवाय गावातील बचत गट बहुधा वाडीनुसार बनतो आणि वाडी बहुधा जातीनुसार. सासू, जाऊ, नणंद त्याच सतरंजीवर बसलेल्या. ज्यांच्याविषयी बोलायचे त्यांच्याचसमोर कोण बोलेल? उपचाराचा गट निराळा हवा: परस्परांशी देणे-घेणे नसलेल्या, एका घरातल्या नसलेल्या माणसांचा, गुप्ततेची शपथ पाळणारा, आणि जमल्यास दोन-तीन गावांचा मिळून.

पक्षातील काही जुन्या मंडळींचा आक्षेप वेगळाच असतो. हे सारे सामाजिक अन्यायाला खासगी आजाराचे रूप देणे आहे, असे ते म्हणतात. आक्षेपात तथ्य आहे. बेकारी गटात बसून हटत नाही. तथापि खचलेला माणूस मोर्चातही येत नाही, हे संघटनेचे काम केलेल्या प्रत्येकाने पाहिले आहे.

खरा वाद पैशाचा आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली आला, जिल्हा कार्यक्रम १९९६ साली, हक्क देणारा कायदा २०१७ साली. तरीही २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात नैराश्यग्रस्तांपैकी सुमारे ८५ टक्के लोक उपचाराबाहेर आढळले. आता ‘साधी प्रशिक्षित माणसेही हे काम करू शकतात’ हा शोध सरकारच्या हाती लागला की त्याचे रूपांतर ‘फुकटात करू शकतात’ असे व्हायला वेळ लागणार नाही. आशा सेविकांचे हेच झाले. त्यांना स्वयंसेविका म्हणायचे, वेतनाऐवजी मानधन द्यायचे आणि दरवर्षी नवे काम चढवायचे. २०२३-२४ मध्ये त्यांना संपावर जावे लागले ते उगीच नव्हे. गोव्यातील समुपदेशक स्त्रियांचे ते पूर्ण वेळचे काम होते आणि अडचणीच्या वेळी मानसोपचारतज्ज्ञ त्यांच्या पाठीशी असे. पिंगुळीसारख्या गावांसाठी मागणी करायची तर ती या शब्दांत करावी लागेल: आरोग्य केंद्रात दार लावता येईल अशी एक खोली, दोन पगारी समुपदेशक, एक स्त्री व एक पुरुष, आणि महिन्यातून दोनदा ओरोसहून त्यांच्या कामावर देखरेखीसाठी येणारा तज्ज्ञ. जिल्हा नियोजन समितीपुढे ठेवण्यासाठी हा खर्च फार मोठा नाही. त्यात आशा सेविकेचे नाव मात्र कुठेही घुसडले जाऊ नये.