महसूल तिजोरीत, जलोदर वॉर्डात

10 जून 2025 रोजी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने दारूवरचे उत्पादन शुल्क वाढवले आणि तिजोरीत वर्षाला 14 हजार कोटी रुपये जादा पडतील असे जाहीर केले. 180 मिलिलिटर देशी दारू किमान 80 रुपयांना, भारतीय बनावटीची विदेशी किमान 205 रुपयांना, इतका बारीक हिशेब झाला. हा महसूल ज्यांच्या घशातून उतरणार, त्यांच्या यकृताची तरतूद मात्र त्या हिशेबात नव्हती. या बेपर्वाईचा आम्ही धिक्कार करतो!

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाण्यात औद्योगिक वसाहत आहे आणि सारे शहर ज्याला ‘मिनी घाटी’ म्हणते ते जिल्हा रुग्णालयही आहे. 2016 च्या दुष्काळात याच शहरातल्या, तेव्हाच्या औरंगाबादच्या, मद्यकारखान्यांचे पाणी कापा, असा आदेश उच्च न्यायालयाच्या खंडपीठाला द्यावा लागला होता. माणसे टँकरची वाट पाहत असताना बाटल्या भरल्या जात होत्या. ज्या सरकारला तेव्हा न्यायालयाने जागे करावे लागले, ते पोट फुगलेल्या कामगारासाठी आपणहून काय करणार?

यकृत वर्षानुवर्षे गुपचूप सोसते. डोळे पिवळे होतात तेव्हा घरचे आधी काविळीच्या झाडपाल्याकडे धावतात. मग पोटात पाणी, रक्ताची उलटी, आणि शेवटी दवाखाना. तिथे पाणी काढायचे, सुट्टी द्यायची, पुन्हा भरती करायचे. दारूमुळे यकृताला तीव्र सूज आली, तर डॉक्टरांच्या हातात आजही मुख्यतः स्टिरॉइडच आहे. 2015 साली ब्रिटनमधल्या अकराशे रुग्णांच्या चाचणीत त्याचा फायदा पहिल्या महिन्यापुरता आणि तोही निसटता दिसला. तीन महिन्यांनी काहीच उरला नाही, जंतुसंसर्ग मात्र वाढला. रुग्णाला वाचवणारी खरी गोष्ट एकच, दारू सुटणे. आणि नेमके तेच काम आपण वाऱ्यावर सोडले आहे! पोटाचा डॉक्टर एकीकडे, मानसोपचार दुसरीकडे. हातापायांना कंप सुटलेल्या माणसाने चिठ्ठी घेऊन हिंडायचे. हताश बायको चहात चोरून दारू सोडवणाऱ्या गोळीची पूड मिसळते. डायसल्फिरामसारखी ती गोळी आजारी यकृतालाच घातक ठरू शकते, हे त्या माउलीला कोणी सांगितलेले नसते.

यकृत प्रत्यारोपणाचे नाव काढले की ‘आधी सहा महिने दारू सोडून दाखव’ अशी अट पुढे येते. तीव्र सूज आलेल्या आणि स्टिरॉइडलाही दाद न देणाऱ्या रुग्णांतले बहुतेक जण सहा महिने जगतच नाहीत. फ्रान्स-बेल्जियमच्या डॉक्टरांनी 2011 साली दाखवून दिले, की अशांतल्या निवडक रुग्णांचे न थांबता प्रत्यारोपण केल्यावर सहा महिन्यांनी 77 टक्के जिवंत होते; प्रत्यारोपण न झालेल्यांत 23 टक्के. इथे तर अटीआधी खर्चच दार लावून घेतो.

‘पितो तर भोगू दे’ म्हणणाऱ्यांनी परवाना कोणी दिला ते आधी सांगावे. राज्यघटनेचे 47 वे कलम मादक पेयांना आळा घालणे हे शासनाचे कर्तव्य मानते. ते पाळायचे नसेल, तर निदान त्यातून होणारी जखम तरी बांधा!

वाढीव महसुलातला ठरावीक वाटा कायद्याने बांधून घ्या. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात यकृत आणि व्यसनमुक्तीचा उपचार एकाच छताखाली द्या. ज्यांच्या पगारातून कामगार विम्याची वर्गणी कापली जाते, त्यांच्या यकृताची तपासणी कावीळ होण्याआधी करा. आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळाच्या नागपूर अधिवेशनात रुग्णालयांची यादी वाचून दाखवावी: कुठे हे दोन्ही डॉक्टर एका खाटेशी उभे राहतात आणि कुठे नाहीत.