बागेचें फाटक : आधीं खांब, मग झडप

हल्लीं बागेभोंवतीं पक्की भिंत घालून तींत लोखंडी फाटक बसविण्याची चाल वाढली आहे. ती चांगलीच आहे. मोकाट गुरांपासून बागेचें रक्षण होतें. परंतु शेतकरी बंधु झडपेच्या नक्षीकडे जितकें लक्ष देतात, तितकें ती ज्या खांबांवर टांगावयाची त्यांकडे देत नाहींत. पुढें फाटक झुकून जमिनीस घासूं लागलें, कीं दोष लोहाराच्या माथीं मारतात. वास्तविक दोष बहुधा खांबाचा असतो.

पहिली गोष्ट जागेची. सामाईक बांधावर खांब उभारूं नये. सरकारी मोजणी करवून, हद्दीची निशाणी न हलवितां, तो आपल्या जमिनींत आंत घ्यावा. झडपाही आंतच उघडाव्या, रस्त्यावर नव्हेत. त्या जागेंतून शेजाऱ्याची पूर्वापार गाडीवाट असेल, तर तेथें कुलूप लावूंच नये. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ याच्या कलम ५ अन्वयें सहा महिन्यांच्या आंत दावा झाल्यास असा अडथळा दूर करविण्याचा अधिकार तहसीलदारास आहे. बांधावरून वाट मागण्याची तरतूद महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ याच्या कलम १४३ मध्यें आहे. महसुली दप्तरांत आयुष्य घालविलेल्या माणसास ठाऊक असतें कीं, वाटेच्या अर्जाची फाईल जाड होईपर्यंत दोन घरांचें बोलणें बंद झालेलें असतें.

दुसरी गोष्ट पायाची. काळी जमीन पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते; उथळ पायावरचा खांब तिच्याबरोबर हलतो. म्हणून पाया मुरमापर्यंत न्यावा, आणि दोन्ही खांब जमिनीखालीं बांधीव उंबऱ्यानें जोडावे. बिजागऱ्यांचे खुंट बांधकाम चालू असतांनाच खोल बसवावे; मागाहून भोंक पाडून बसविलेला खुंट भारानें ढिला होतो.

तिसरी गोष्ट मापाची. खांब पुरते पक्के झाल्यावर वर, मध्यें व खालीं अशीं तीन मापें घ्यावीं, आणि सर्वांत कमी मापावरून, उघडझापीपुरती फट सोडून, फाटक करवावें. ट्रॅक्टरची ट्रॉली न्यावयाची असल्यास १२ फूट मोकळीक ठेवावी. एवढ्या रुंदीस दोन झडपा कराव्या. म्हणजे भार दोन्ही खांबांवर वांटला जातो.

मोजणीची फी व खोल पाया यांचा खर्च कित्येकांस जड वाटेल. परंतु कललेला खांब पाडून पुन्हां बांधणें, किंवा शेजाऱ्याशीं वर्षानुवर्षें दावा चालविणें, याहून तो खचित हलका आहे. सुज्ञ बंधूंनीं पायाचा पहिला दगड ठेवण्यापूर्वींच याचा विचार करावा.