महागडा प्लेअर आणि बेसमेंटमधला खोका

नवा सीडी प्लेअर घ्यायचा म्हणताय? उत्तम. मुलं कॉलेजात गेली, घराचं कर्ज आटोक्यात आलं, आता किशोरीताई आणि भीमसेनजी निवांत ऐकायचे, हा बेत मला मान्य आहे. पण ‘मॅकिन्टॉश घेऊ की एसोटेरिक?’ हा प्रश्न विचारायला गेल्या वर्षी चौघांनी मला चहाला बोलावलं. चौघांनाही मी एकच उत्तर दिलं आणि ते कुणालाच आवडलं नाही. तुम्हालाही आवडणार नाही.

कोणताही घ्या. आवाजापुरतं बोलायचं तर साधासुधा नीट चालणारा प्लेअरही पुरेल.

चिडू नका, आधी ऐका. सोनी आणि फिलिप्सने १९८२ साली सीडी बाजारात आणली. तिच्यात दर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, प्रत्येक १६ बिटांचा. माणसाला ऐकू येणारा २० हजार हर्ट्झपर्यंतचा सगळा पट्टा त्यात मावतो. आणि आपलं, पन्नाशी उलटलेल्यांचं काय? त्यातला वरचा बराचसा भाग आपल्या कानांना कधीच सोडून गेला आहे.

‘पण मला फरक स्पष्ट ऐकू येतो!’ येत असेल. बॉस्टनच्या मायर आणि मोरान यांनी २००७ साली अशाच खात्रीच्या माणसांची परीक्षा छापली. सीडीपेक्षा वरचढ मानल्या जाणाऱ्या एसएसीडीचा आवाज कधी थेट ऐकवला, कधी सीडीच्या मापात उतरवून. कोणता कुठला हे सांगायचं नाही. ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरं बरोबर आली. नाणं उडवूनही तेवढीच आली असती.

मग दुकानात महाग प्लेअर सरस का वाटतो? सीडी प्लेअर साधारणपणे २ व्होल्ट बाहेर देतो. एखादा अडीच देत असेल, तर तो जवळजवळ २ डेसिबल मोठा वाजतो. कानाला ‘मोठा’ असं वाटत नाही, ‘जिवंत’ वाटतं. दोघांचा आवाज मोजून सारखा करा आणि डोळे मिटून ऐका. मग पाकिटाला हात घाला.

महाग यंत्राची बांधणी भक्कम असते, हे कबूल. पुढच्या दहा वर्षांत लेझरचा सुटा भाग मिळेल का, हे जरूर विचारा. हौसेलाही मोल नसतं. फक्त हौसेला ‘श्रवणभक्ती’ म्हणू नका.

कारण आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? केसरबाई केरकरांची भैरवी ७८ आरपीएमच्या जेमतेम साडेतीन मिनिटांच्या तबकडीवरची. तिथे सुईने जे टिपलं नाही, ते कोणताही प्लेअर परत आणणार नाही. आणि तरीही १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर ताऱ्यांकडे पाठवायला तीच भैरवी निवडली गेली. खरखरीसकट.

घरात आवाज खरोखर बदलतो तो स्पीकरने आणि खोलीने. आपली फॅमिली रूम पाहा: लाकडी जमीन, दोन मजली छत, एका बाजूला नुसती काच. तिथे तानपुऱ्याचा गलका होतो. जाड गालिचा घाला, पडदे लावा, पुस्तकांची कपाटं आणा, स्पीकर भिंतीपासून पुढे ओढा. हा फरक मात्र पाहुण्यालाही कळेल.

आणि उरलेले पैसे? बेसमेंटमध्ये जा. त्या खोक्यात कॅसेट आहेत ना? सत्तर-ऐंशीच्या दशकांत इथे दौऱ्यावर आलेले कलाकार आपल्याच घरांत सतरंजीवर बसून गायले आणि कुणीतरी कोपऱ्यात रेकॉर्डर लावला. ते गाणं कोणत्याही कंपनीच्या सीडीवर नाही. ते फक्त तुमच्याकडे आहे, आणि दमट तळघरात दर उन्हाळ्याला थोडं थोडं मरतं आहे.

माझ्याकडे १९८४ सालची अशी एक कॅसेट होती. मी आधी प्लेअर घेतला, कॅसेटचं ‘बघू पुढे’ म्हटलं. पुढे पाहिलं तेव्हा फितीवर बुरशी होती. तिच्यावर बाबांची ‘वा!’ होती. ते इथे आलेले असताना दिलेली ती एकच दाद. आता माझा प्लेअर निर्दोष आहे आणि त्यावर वाजवायला ते नाही.

तेव्हा एक चांगला कॅसेट डेक दुरुस्त करून घ्या. २४ बिटांत उतरवा. कोण गायलं, तबल्यावर कोण, कुणाचं घर, कोणतं साल, हे आठवणारी माणसं आहेत तोवर लिहून ठेवा. तीन प्रती करा, एक लेकीकडे द्या. कलाकाराच्या कुटुंबाची परवानगी घेऊन एखाद्या संग्रहाकडे सोपवा. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचा संगीतसंग्रह १९८२ सालीच पुण्यात सुरू झाला आणि आज गुरुग्राममध्ये आहे. तिथे विचारून पाहा.

प्लेअर पुढच्या वर्षीही दुकानात असेल. खोक्याची खात्री मी देत नाही.