कागद केमिस्टचा, पेशंटचा कुठाय?

क्रांती चौकाच्या आसपास, जालना रोडवरच्या कुठल्याही मेडिकलच्या काउंटरपाशी पाच मिनिटं उभं राहा. एक संवाद हमखास कानावर पडेल. "भाऊ, ही गोळी कशाची? जेवणाआधी का नंतर? अन् आधीची चालू ठेवायची का?" हे प्रश्न खरं तर डॉक्टरांना विचारायचे. पण केबिनमध्ये ते सुचत नाहीत, सुचले तर विचारायचा धीर होत नाही. मग काउंटरवरचा पोरगा पाकिटावर पेनाने काहीतरी खरडून देतो आणि पेशंट बीडच्या नाहीतर जालन्याच्या गाडीला लागतो.

मंडळी, माझं म्हणणं साधं आहे. डॉक्टर आपल्या हातात देतात तो कागद मुळात आपल्यासाठी लिहिलेलाच नसतो. तो केमिस्टसाठी असतो. पेशंट नुसता कुरिअरवाला! पेशंटसाठी वेगळा अर्धं पान कागद हवा, त्याला वाचता येईल अशा मराठीत.

आता आपल्या ऑफिसात बघा. तासभराच्या मीटिंगमधून निष्पन्न काही होत नाही, तरी संध्याकाळपर्यंत मिनिट्सची मेल येते. कुणी काय करायचं, कधीपर्यंत, सगळं लेखी. आणि जिथे जिवाशी गाठ, तिथे सगळा कारभार तोंडी! एका डच संशोधकाने २००३ साली यावरच्या अभ्यासांचा आढावा घेतला होता. डॉक्टरांनी सांगितलेल्यापैकी ४० ते ८० टक्के माहिती पेशंट लगेच विसरतो, असं त्यात आहे. तेव्हा हा अडाणीपणाचा प्रश्न नाही. तुमचं-माझंही तेच होणार.

यावर लोक म्हणतात, डॉक्टरांनी अक्षर सुधारावं. ठीक आहे. औषधाचं जेनेरिक नाव सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहा, असं मेडिकल कौन्सिलने २०१६ मध्येच सांगितलंय. पण मोत्यासारख्या अक्षरात 'टीडीएस' लिहिलं म्हणून ते कळतं थोडंच? आपल्याला टीडीएस म्हणजे पगारातून कापलेला टॅक्स आठवतो. डॉक्टरांचा टीडीएस म्हणजे दिवसातून तीनदा.

त्यापेक्षा आपलं १-०-१ बरं. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. पण या फॉरमॅटमध्ये 'आठवड्यातून एकदा' बसवायला जागाच नाही. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट देतात, ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर रक्तपेशी झपाट्याने कमी होतात. जगभरात अशा चुकीने माणसं दगावली आहेत. 'फक्त रविवारी' हे दोन शब्द इतके मोलाचे आहेत.

दुसरी गोष्ट, कागदावर नवीन यादी असते, बदल नसतो. आपण कोड बदलला की आधी डिफ बघतो. काय गेलं, काय आलं. पेशंटला नेमकं तेच कळत नाही. बीपीच्या गोळीचा ब्रँड बदलला की घरी दोन नावांची एकच गोळी दोनदा पोटात जाऊ शकते.

म्हणून त्या अर्ध्या पानावर चारच गोष्टी असाव्यात:

१. तुम्हाला काय झालंय.
२. कुठली गोळी कशासाठी, कधी आणि किती दिवस.
३. आधीच्यापैकी काय बंद, काय चालू.
४. काय झालं तर तडक दवाखाना गाठायचा आणि एरवी परत कधी यायचं.

आणि मराठी म्हणजे मराठी. 'उपाशीपोटी' लिहा, 'लघवी' लिहा. शासकीय परिपत्रकाची मराठी लिहिलीत तर इंग्रजीच बरी होती असं म्हणायची पाळी येईल.

"डॉक्टरांना वेळ कुठंय?" हा आक्षेप खरा आहे. घाटीच्या ओपीडीची गर्दी बघितलेला माणूस तो हसण्यावारी नेणार नाही. पण कोऱ्या जागा ठेवलेला छापील कागद भरायला निबंध लिहावा लागत नाही. मधुमेह, बीपी, दमा असे नेहमीचे पाचसहा नमुने तयार ठेवता येतात. दवाखान्याची काही सॉफ्टवेअर्स गोळीची वेळ मराठीत छापतात, तिथे 'काय बंद' असा एक रकाना वाढवणं अवघड नाही. एआयकडून मसुदाही करून घेता येईल, फक्त पेशंटच्या हातात जाण्याआधी तो डॉक्टरांनी वाचलाच पाहिजे. न तपासता प्रॉडक्शनला टाकायची ही जागा नव्हे.

इंग्लंडमध्ये तर २०१८ साली डॉक्टरांच्या संस्थांनीच सुचवलं की ओपीडीनंतरचं पत्र थेट पेशंटला लिहावं आणि त्याची प्रत फॅमिली डॉक्टरला जावी. आपल्याकडे असं व्हायला वेळ लागेल. तोवर आईबाबांबरोबर जाल तेव्हा या चार गोष्टी वहीत लिहून घ्या आणि उठण्याआधी विचारा, "डॉक्टर, मी लिहिलेलं वाचून दाखवू का?" एक मिनिट लागतं. चूक असेल तर तिथेच कळेल.