जे जगले, ते का जगले?

ओपीडी संपत आली होती. एक तरुण वडिलांची फाइल घेऊन आत आला आणि ती टेबलावर ठेवण्याआधीच त्याने मोबाइल पुढे केला. व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर होता : स्वादुपिंडाच्या कॅन्सरवर लस सापडली, सगळ्यांना पाठवा. "सर, ही आपल्याकडे मिळते का? नसेल तर कुठून आणायची ते सांगा. जमीन विकायची तयारी आहे."

त्या मजकुरामागे खरे आणि चांगले संशोधन आहे, हे आधीच सांगून टाकतो. असल्या फॉरवर्डमध्ये बहुतेकदा तेही नसते. पण लस 'सापडली' असे म्हणता येईल का आणि ती या मुलाच्या वडिलांच्या उपयोगाची होती का, हे प्रश्न वेगळे आहेत.

स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्यापुढे आडवे असते. तिथली गाठ हाताला लागत नाही, बरेच दिवस दुखतही नाही. लक्षात येते तेव्हा ती शेजारच्या मोठ्या रक्तवाहिन्यांना चिकटलेली असते किंवा यकृतापर्यंत गेलेली असते. निदानाच्या वेळी ऑपरेशन करता येईल असे रुग्ण साधारण पाचांत एक. अमेरिकेतही सर्व टप्प्यांचे रुग्ण एकत्र धरले, तर पाच वर्षांनंतर हयात असणारे सुमारे १३ टक्केच आहेत. मनोहर पर्रीकरांचा आजार २०१८च्या सुरुवातीला कळला. त्यांनी अमेरिकेतही उपचार घेतले. १७ मार्च २०१९ रोजी ते गेले. राज्याच्या मुख्यमंत्र्याला जे मिळू शकते ते सगळे मिळूनही एवढाच काळ हाती आला. स्टीव्ह जॉब्स निदानानंतर आठ वर्षे जगले ते कसे, असे लोक विचारतात. त्यांची गाठ स्वादुपिंडातलीच, पण वेगळ्या आणि संथ जातीची होती.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर सेंटरमधील डॉ. विनोद बालचंद्रन हे सर्जन आहेत. ते या गाठी काढतात आणि त्यांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळाही चालवतात. हा आजार इतका घातक का, हे बहुतेक जण शोधत होते. बालचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्न उलटा केला. नेहमीची, वाईट जातीची गाठ असूनही मोजके रुग्ण ऑपरेशननंतर अनेक वर्षे जगतात, त्यांच्यात काय वेगळे असते? त्या रुग्णांच्या जपून ठेवलेल्या गाठी त्यांनी पुन्हा बाहेर काढल्या.

उत्तर २०१७ साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाले. या रुग्णांच्या गाठींत 'टी' पेशींची, म्हणजे आपल्या प्रतिकारशक्तीच्या सैनिकांची, गर्दी कितीतरी जास्त होती. कर्कपेशीतील जनुके बिघडली की काही प्रथिनेही बदलतात. त्या बदललेल्या तुकड्यांना निओअँटिजेन म्हणतात. दीर्घकाळ जगलेल्यांच्या गाठींत यातले काही तुकडे जंतूंच्या प्रथिनांशी मिळतेजुळते होते. शरीराने गाठीला जणू घुसखोर म्हणून ओळखले होते. त्या ओळखीच्या 'टी' पेशी ऑपरेशननंतर अनेक वर्षांनीही रक्तात सापडल्या. स्वादुपिंडाच्या गाठीत जनुकीय बदल कमी असतात, त्यामुळे प्रतिकारशक्तीला धरायला तिथे काही नसतेच, अशी तोवर समजूत होती. मीही विद्यार्थ्यांना तसेच शिकवत आलो होतो. पुढे २०२२ मध्ये याच चमूने दाखवले, की अशा रुग्णांत आजार परत येतो तेव्हा नव्या गाठीत हे सहज ओळखू येणारे तुकडे कमी झालेले असतात. म्हणजे पहारा चालू होता, आणि पहाऱ्यातून निसटलेल्या पेशीच तेवढ्या वाढल्या होत्या.

काहींच्या शरीराने आपणहून जे केले, ते इतरांच्या शरीराला शिकवता येईल का? लस निघाली ती या प्रश्नातून. डिसेंबर २०१९ मध्ये चाचणी सुरू झाली. न्यूयॉर्कमध्ये काढलेल्या गाठीचा नमुना जर्मनीतील माइंझ शहरात बायोएनटेक कंपनीकडे जायचा. कोविडच्या लसीमुळे जगभर नाव झालेली कंपनी ती हीच. तिथे गाठीची जनुके वाचून प्रत्येक रुग्णासाठी जास्तीत जास्त २० निओअँटिजेन निवडायचे, त्यांचा संदेश एमआरएनएमध्ये लिहायचा आणि लस करून परत पाठवायची. म्हणजे प्रत्येकाची लस वेगळी. एकाची दुसऱ्याला चालणार नाही. ऑपरेशननंतर साधारण नऊ आठवड्यांत ती शिरेतून द्यायला सुरुवात व्हायची. जोडीला अ‍ॅटेझोलिझुमॅब हे प्रतिकारशक्तीला मोकळीक देणारे औषध आणि नेहमीची केमो. जग लॉकडाऊनमध्ये असताना हे दोन खंडांत चालले होते.

लस मिळालेले रुग्ण होते १६. त्यांपैकी आठ जणांत लसीने नव्या 'टी' पेशी तयार झाल्या, आठ जणांत झाल्या नाहीत. २०२३ मध्ये पहिले निष्कर्ष आले आणि २०२५ मध्ये सुमारे तीन वर्षांच्या पाठपुराव्याचे. प्रतिसाद दिलेल्या आठांपैकी दोघांचा आजार परतला. प्रतिसाद न दिलेल्या आठांपैकी सात जणांचा.

हे आकडे वाचून मी खुर्चीत सरळ बसलो, हे कबूल करतो. तीस वर्षांत या आजाराबाबत असे फार थोड्या वेळा झाले आहे.

पण हेच आकडे फॉरवर्डमध्ये 'कॅन्सर बरा झाला' असे होऊन फिरतात, आणि तिथे मला वाचकांना थांबवायचे आहे. चाचणी सोळा जणांची होती, एकाच रुग्णालयातली होती, आणि लस न घेतलेला तुलनेचा गट तिच्यात नव्हता. ज्यांनी प्रतिसाद दिला त्यांची प्रतिकारशक्ती मुळातच दणकट असेल आणि ते लसीशिवायही बरे राहिले असते, ही शंका राहतेच. संशोधकांनी ती एका बाजूने तपासली आहे. कोविडच्या लसीला दोन्ही गटांनी सारखाच प्रतिसाद दिला होता, म्हणजे दुसऱ्या गटाची प्रतिकारशक्ती सरसकट दुबळी नव्हती. युक्तिवाद चांगला आहे, पण तो पुरावा नव्हे. त्यासाठी मोठी चाचणी लागते. तशी २०२३ मध्ये सुरू झाली आहे : सुमारे २६० रुग्ण, काहींना फक्त केमो, काहींना केमोबरोबर लस आणि ते दुसरे औषध. तिचे निकाल येईपर्यंत ही लस कोणत्याही दुकानात, कोणत्याही देशात विकत मिळणार नाही. कोणी ती मिळवून देतो म्हणाला, तर जमीन विकू नका.

आणि सोळाच्या सोळा जणांचे आधी ऑपरेशन झाले होते. गाठ काढलीच नाही, तर लस कशावरून करणार?

आता त्या मुलाच्या वडिलांची फाइल. वय ६१. दोन महिन्यांपूर्वी डोळे पिवळे झाले. दुखणे नाही, ताप नाही. गावात कावीळ उतरवणाऱ्याकडे माळ घातली, पथ्य सुरू झाले, तेलकट बंद. सहा आठवडे त्यात गेले. अंगाला खाज इतकी की झोप लागेना, शौचाचा रंग पांढुरका, वजन नऊ किलोंनी कमी. मग कुठे सोनोग्राफी, मग सीटी. सीटीत यकृतावर डाग होते. सहा आठवडे आधी आले असते तर ऑपरेशन झालेच असते, असे मी म्हणत नाही; या आजारात तशी खात्री कोणालाच देता येत नाही. पण विचार तरी झाला असता. दुखत नसलेली, हटत नसलेली कावीळ पन्नाशीनंतर झाली, तर ती माळेची नाही, सीटी स्कॅनची गोष्ट आहे. पन्नाशीनंतर नव्यानेच मधुमेह निघाला आणि सोबत वजन झपाट्याने घटत असेल, तरी डॉक्टरांकडे स्वादुपिंडाचा विषय काढा. बहुतेकांत काही निघणार नाही, तेव्हा घाबरू नका. साध्या सोनोग्राफीत पोटातल्या वायूमुळे स्वादुपिंड नीट दिसतेच असे नाही, त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून विषय संपत नाही.

त्या वडिलांना पित्तनलिकेत स्टेंट टाकून कावीळ उतरवली, खाज थांबली. केमो सुरू आहे. मुलाला मी लसीबद्दल वर लिहिले तेच सांगितले. तो बराच वेळ बसून राहिला.

बालचंद्रन यांच्या कामातून आपण काय घ्यावे, असे विचाराल तर माझे उत्तर लस हे नाही. एमआरएनएचा कारखाना आपण उद्या उभारणार नाही. पण त्यांच्या कामाची सुरुवात ज्यातून झाली, ते उभारायला फारसा पैसा लागत नाही : कोणत्या रुग्णाची गाठ काढली, ती नीट जपली का, आणि तो रुग्ण पुढे किती जगला याची नोंद. मुंबईच्या टाटा रुग्णालयासारख्या संस्थांत हे काम होते. आम्हा बाकीच्या सरकारी रुग्णालयांत मेणाचे ब्लॉक असतात, ऑपरेशनचे रजिस्टर असते, आणि डिस्चार्जनंतर माणूस हरवतो. पत्ता बदलतो, मोबाइल नंबर मुलाचा असतो, तो पुण्याला जातो. जे गेले त्यांची नोंद निदान मृत्यूच्या दाखल्यात तरी होते. जगलेल्यांची कुठेच नाही. मग ते का जगले, हे विचारणार कोणाला?

मागच्या पावसाळ्यात एक आजी रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला आल्या. पोट तपासताना आडवा जुना व्रण दिसला. आमच्याच सर्जननी सात वर्षांपूर्वी त्यांचे व्हिपल ऑपरेशन केले होते, स्वादुपिंडाच्या डोक्यातल्या गाठीसाठी. त्यानंतर चार केमो घेतल्या आणि गाडीभाडे परवडेना म्हणून त्या यायच्या थांबल्या. आमच्या कागदांवर त्या 'संपर्क तुटला' एवढ्याच होत्या. कदाचित ती गाठ संथ जातीची असेल. म्हणून त्यांचा जुना ब्लॉक शोधून पुन्हा तपासायला पॅथॉलॉजीला चिठ्ठी दिली आहे. "तेव्हा काय झालं होतं मला?" असे त्यांनी विचारले, कारण घरच्यांनी त्यांना कधी सांगितलेच नव्हते. केसपेपरवर फोन नंबरसाठी जागा नव्हती, म्हणून शेजारणीचा नंबर मी माझ्या डायरीत लिहून घेतला.