बांधून घेणारा मारुती

व्ही. जी. सामंतांचा ‘हनुमान’ २००५ मध्ये आला आणि मारुती ॲनिमेशनपटाचा नायक झाला. सुविद्य मंडळी मात्र विचारतात : एवढा बलवान वीर इंद्रजिताकडून बांधला जातोच कसा? तर्काला धरून नाही म्हणे! आम्हांस हा आक्षेप मान्य नाही. वाल्मीकींच्या सुंदरकांडात मारुतीला ब्रह्मास्त्रातून सुटण्याचा वर आहे. तरी ब्रह्मदेवाचा मान राखण्यासाठी आणि रावणाची गाठ पडावी म्हणून तो बंधन पत्करतो. राक्षसांनी वर दोर आवळताच अस्त्राचा बंध गळतो. तरीही तो निसटत नाही. ऐन धुमश्चक्रीत पात्राने हे सारे बोलून कधी दाखवावे? आणि पडद्यावरचेच वीर कशाला? जून १८५८ मध्ये आपल्या ग्वाल्हेरीस राणी लक्ष्मीबाई धारातीर्थी पडल्या. आरामखुर्चीतील तर्कशास्त्राने त्यांनाही माघारच सुचविली असती.