लायसन म्हणजे सातबारा नव्हे



या सदरात आपण नेहमी पीकपाण्याचे बोलतो. आज थोडे रस्त्याचे बोलू. बाजारहाट, दवाखाना, कचेरी आणि मुलामुलींची शाळा-कॉलेजे यांसाठी आपल्यापैकी पुष्कळांना काळी-पिवळी जीपचाच आधार आहे. एस.टी.च्या दोन फेऱ्यांमध्ये तीच आपली लालपरी! हे जीपवाले बहुतेक कष्टाळू असतात. अडल्या-नडल्या बाळंतिणीला मध्यरात्री तालुक्याला पोचवणारेही तेच. त्यांच्याबद्दल ही तक्रार नाही.

पण एका भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात, “मुलगी अकरावीला आहे. जीपवाला मुलींना मुद्दाम पुढे, आपल्या शेजारी बसवतो. गिअर टाकायच्या निमित्ताने हात लावतो. कधी कधी तोंडाला दारूचा वास येतो. घरी सांगितले तर म्हणतात, कॉलेज बंद करा. गावात सांगितले तर म्हणतात, गरिबाच्या पोटावर पाय कशाला आणता?”

आता तुम्हीच पाहा. गुन्हा जीपवाल्याचा आणि शिक्षा मुलीला! त्याची जीप सुरू राहायची आणि हिची वही-पुस्तके फळीवर जायची. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती हीच. तेव्हा पोटावर पाय कोणाच्या पडतो आहे, याचा आधी विचार करावा.

पुष्कळांची अशी समजूत असते की एकदा लायसन मिळाले म्हणजे ते जन्माचे झाले. तसे नाही. लायसन म्हणजे सातबारा नव्हे. जमीन वाडवडिलांकडून मुलांकडे येते. लायसन कोणाच्या वारशाने येत नाही आणि वागणूक बिघडली तर हाती राहीलच असेही नाही. कीटकनाशके विकणाऱ्या दुकानदाराचे उदाहरण घ्या. त्याने नियम मोडून माल विकला तर त्याला नोटीस जाते, त्याचे म्हणणे ऐकले जाते आणि दोष पटला तर परवाना काही काळ थांबवतात किंवा रद्द करतात. हजारो रुपयांची फवारणी त्याच्या भरवशावर होते म्हणून ही कडक रीत. मग ज्याच्या भरवशावर आपली लेकरे बसतात, त्याची परीक्षा त्याहून सैल कशी असेल?

मोटार वाहन कायदा, 1988 मध्ये कलम 19 आहे. लायसन देणाऱ्या अधिकाऱ्याला, म्हणजे आपल्या आरटीओ कचेरीला, चालकाची पात्रता पुन्हा तपासण्याचा अधिकार या कलमाने दिला आहे. अट्टल दारूबाज, सराईत गुन्हेगार, गाडीचा वापर दखलपात्र गुन्ह्यासाठी करणारा, किंवा ज्याच्या आजवरच्या चालवण्यावरून लोकांना धोका दिसतो असा चालक यात येतो. शिवाय लोकांना उपद्रव किंवा धोका होईल अशा कृत्यांची यादी केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 21 मध्ये दिली आहे. उतारूला मारहाण, उतारूचे सामान चोरणे, उतारूशी गैरवर्तन व उद्धटपणा, जादा भाडे उकळणे, दारू पिऊन चालवणे, उतारूंच्या गाडीत चालवताना विडी-सिगारेट ओढणे, हे सारे त्या यादीत आहे. चालकाला रस्ता नीट दिसणार नाही किंवा गाडी ताब्यात ठेवता येणार नाही अशा जागी माणूस बसवणे, हेही तिच्यात आहे. चालक अर्ध्या सीटवर आणि त्याच्या उजव्या हाताला आणखी एक उतारू, हे चित्र आपल्याला नवे नाही.

दारूच्या बाबतीत 2019 च्या दुरुस्तीने कायदा आणखी कडक केला. पिऊन चालवणाऱ्याचे लायसन पोलीस ताब्यात घेऊन आरटीओकडे पाठवतात. पहिल्या वेळी तीन महिने गाडी चालवण्यास बंदी आणि पुन्हा सापडला तर लायसन रद्द, अशी त्यात तरतूद आहे.

आता चालकाची बाजू. कलम 19 खाली त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय हुकूम काढता येत नाही. हुकूम काढताना कारणे लेखी नोंदवावी लागतात. हुकूम मान्य नसेल तर तो मिळाल्यापासून 30 दिवसांत अपील करता येते. प्रत्येक वेळी लायसन कायमचेच जाते असेही नाही. काही मुदतीपुरती बंदी घालता येते. दहा रुपयांच्या सुट्ट्यावरून तोंड सोडणारा आणि मुलीच्या अंगाला हात लावणारा, या दोघांना एका मापाने कोणी मोजू नये. पहिल्याला समज पुरेल. दुसऱ्याच्या हाती उतारूंची गाडी ठेवावी का, हा प्रश्न आहे.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीसाठी दोन वाटा आहेत आणि दोन्ही धरायच्या आहेत. पहिली पोलीस ठाण्याची. मुलीला वाईट हेतूने हात लावणे हा गुन्हा आहे. मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर 2012 चा पोक्सो कायदा लागू होतो. त्या कायद्याप्रमाणे ज्याला गुन्हा कळला त्याने तो पोलिसांना कळवलाच पाहिजे. गावात बसून मिटवण्याचा हा विषय नव्हे. मुलीचे नाव उघड करण्यास कायद्याची मनाई आहे, म्हणून अब्रूची भीती बाळगू नये. तातडीची मदत लागल्यास 112 आणि मुलांसाठी 1098 हे दूरध्वनी क्रमांक आहेत.

दुसरी वाट आरटीओ कचेरीची. कोर्टाचा निकाल लागेपर्यंत थांबलेच पाहिजे असे कलम 19 म्हणत नाही. अर्ज साध्या मराठीत लिहावा. गाडीचा नंबर, तारीख, वेळ, कोठून कोठे जात होतो, काय घडले आणि कोणी पाहिले, एवढे स्पष्ट असावे. ऐकीव गोष्टी घालू नयेत. चार-पाच घरांनी मिळून सह्या केल्या तर एकट्या बाईवर दडपण येत नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर कचेरीचा शिक्का घेऊन ती जपून ठेवावी. आणखी एक ध्यानात ठेवा. लायसन माणसाचे असते, परमिट गाडीचे. गाडीमालक वेगळा असेल तर त्यालाही लेखी कळवावे. परमिटाच्या अटी मोडल्या तर परमिटही जाऊ शकते, म्हणून मालक लवकर जागा होतो.

ही तपासणी नुसती कागदी राहिली तर काय होते, ते दिल्लीत दिसले. डिसेंबर 2014 मध्ये तेथे मोबाईलवरून बोलावलेल्या टॅक्सीत एका तरुणीवर चालकाने बलात्कार केला. त्याच्यावर आधीही गुन्हे नोंदलेले होते, आणि त्याने दाखवलेला चारित्र्याचा दाखला बनावट असल्याचे पोलिसांना आढळले. 2015 मध्ये त्याला जन्मठेप झाली. पण शिक्षा झाली म्हणून त्या मुलीवर ओढवलेले काही पुसले गेले नाही. बियाणे पेरण्याआधी उगवणशक्ती तपासावी ती याचसाठी. पीक गेल्यावर पंचनामा करून पेरणीचा हंगाम परत येत नाही.

मात्र एक पथ्य पाळा. भाऊबंदकीचा, भाड्याच्या भांडणाचा किंवा निवडणुकीचा राग काढायला असा अर्ज करू नका. खोट्या अर्जाने एका घराची चूल विझते, आणि पुढे खऱ्या अर्जावरही कोणी विश्वास ठेवत नाही. आणि गाडी भरलेली दिसत असताना “सरक रे थोडं” म्हणून आपणही चढू नये.

त्या भगिनीला माझे सांगणे एवढेच, मुलीचे कॉलेज एक दिवसही बंद करू नका. अर्जाचा निकाल लागेपर्यंत चार मुलींनी मिळून दुसऱ्या गाडीने किंवा एस.टी.ने जावे. पास काढून द्यावा. आणि गावातील सज्जन जीपवाल्यांनाही विश्वासात घ्यावे. एका सडक्या फळाने सारी आढी नासते, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला कळणार?

पुढील अंकी हरभऱ्यावरील घाटेअळीविषयी बोलू.